टपालाने आलेली शिकवणी
ऑनलाइन कोर्स विकायला निघालेला नवखा माणूस आधी कॅमेरा आणि माइक विकत घेतो. या धंद्याचा इतिहास मात्र वेगळीच गोष्ट पुढे आणतो. १७२८मध्ये ‘बॉस्टन गॅझेट’मध्ये कॅलेब फिलिप्सने जाहिरात दिली, की लघुलेखनाचे धडे दर आठवड्याला बाहेरगावीही पाठवले जातील. तिथे धडे जाणार होते. उत्तरे तपासण्याचा उल्लेख नव्हता. १८४०मध्ये इंग्लंडात पेनी टपाल सुरू झाले आणि आयझॅक पिटमनने आपली लघुलेखनपद्धत एका पेनीच्या तक्त्यावर छापली. या पद्धतीत ‘प’ची रेघ बारीक आणि ‘ब’ची तीच रेघ ठळक. हात जड पडला तर अक्षर बदलते, आणि ते शिकणाऱ्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी लिहून पाठवायचे आणि दुरुस्त करून परत मिळवायचे, ही रीत पडली. माझ्या मते खरा कोर्स इथे जन्मला.

कोणी म्हणेल, हजारोंच्या वह्या एकटा कसा तपासणार? पिटमनलाही ते शक्य नव्हते; १८४३मध्ये त्यासाठी जाणकारांची संस्थाच उभी राहिली, आणि तपासणी फुकट होती. मग कमाई कशात? पुस्तकांत. तपासणीमुळे शिकणारा टिकला, म्हणून पुस्तके खपली. याउलट २०११मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत ऑनलाइन कोर्सला सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवले. तपासणी यंत्राने होत होती आणि शेवटापर्यंत पोहोचले सुमारे २३ हजार. फुकट असल्यामुळे गळती झाली, हा आक्षेप काही अंशी खरा आहे, पण पिटमनची तपासणीही फुकटच होती. तेव्हा नवख्यांनो, पहिल्या तुकडीत तपासता येतील तेवढेच विद्यार्थी घ्या.