गिंडीच्या कॉलेजातली पहिली मुलगी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला. शाळेच्या आठवणी इतर जण माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी पस्तीस वर्षं वीज उपकेंद्रांत काढली, म्हणून त्या कामात आपल्या देशात माझ्या आधी गेलेल्या एका बाईंविषयी लिहिते. इतिहासाच्या पुस्तकात त्या आपल्याला भेटल्या नाहीत.

त्यांचं नाव अय्यलसोमयाजुला ललिता. जन्म २७ ऑगस्ट १९१९, मद्रास. घर तेलुगू, भावंडं सात. भावांनी इंजिनिअर व्हायचं आणि बहिणींनी जुजबी शिकून संसाराला लागायचं, हा घरचा शिरस्ता. ललिताबाईंचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. वडिलांनी एवढंच पाहिलं की शालान्त परीक्षेपर्यंतचं शिक्षण लग्नामुळे तुटू नये. १९३७ साली नवरा वारला. त्या अठरा वर्षांच्या आणि मुलगी चार महिन्यांची.

अशा बाईचं पुढे काय होत असे ते आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलेलं आहे. पुण्यात कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढून तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती, तरी घराघरांतलं चित्र फारसं पालटलं नव्हतं, मद्रासेतही नाही. ललिताबाई माहेरी आल्या आणि क्वीन मेरीज कॉलेजातून इंटर पहिल्या वर्गात पास झाल्या. डॉक्टर होण्याचा विचार झाला होता. पण डॉक्टरला रात्री-अपरात्री उठून जावं लागतं, आणि घरात तान्ही मुलगी. ठरावीक वेळेत संपणारी, मुलीजवळ घरी परतता येईल अशी नोकरी त्यांना हवी होती. म्हणून इंजिनिअरिंग! मला ही गोष्ट फार आवडते. कसलाही ध्यास वगैरे नाही, साधा व्यवहारी हिशोब.

वडील पप्पू सुब्बाराव हे गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला, शिक्षण संचालकांची मंजुरी मिळवली आणि शेकडो मुलांच्या त्या कॉलेजात एक मुलगी दाखल झाली. तिच्यासाठी वसतिगृहाची वेगळी सोय करावी लागली. वर्गात मुलांचा त्रास नव्हता, पण संध्याकाळी खोलीवर बोलायला कोणी नाही. मग वडिलांनी पुन्हा खटपट केली, कॉलेजने मुलींना प्रवेश खुला असल्याचं जाहीर केलं आणि लीलम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया या दोघी स्थापत्य शाखेला आल्या. त्या मागाहून आल्या, पण महायुद्धामुळे अभ्यासक्रम आखूड केला गेला आणि १९४३ साली तिघी एकदमच पदवीधर झाल्या. पदवीपत्राचा छापील मजकूर पुरुषांसाठीच होता. त्यातलं इंग्रजी पुल्लिंगी सर्वनाम खोडून तिथे स्त्रीलिंगी घालावं लागलं.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. जिद्द होतीच. पण मला त्यात प्राचार्यांच्या खोलीत जाऊ शकणारा बाप जास्त दिसतो. आपली दहावी १९८५ सालची. त्याच्या दोन वर्षं आधी महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली होती, म्हणजे जागा वाढल्या होत्या, फीसुद्धा. आपल्या वर्गात गणितात पहिली कोण येई ते सर्वांना ठाऊक आहे, आणि ती मी नव्हे. गणिताचे सर निकालानंतर तिच्या घरी दोनदा जाऊन आले. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. माझ्या घरी सर एकदाच आले. माझे वडील लाइनमन होते, खांबावर चढणारे. तंत्रनिकेतन म्हणजे काय, तिथून बाहेर पडलेला ज्युनिअर इंजिनिअर काय करतो, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. चहा संपायच्या आत ते हो म्हणाले. पुढे विद्युत शाखेच्या वर्गात आम्ही तिघी होतो. तिघी असणं आणि एकटी असणं यातला फरक ज्यांनी वर्कशॉपमध्ये एकटीने दिवस काढला आहे त्यांनाच कळेल.

पुन्हा ललिताबाईंकडे. जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली, मग सिमल्याच्या केंद्रीय मानक संघटनेत नोकरी. १९४६ मध्ये ती सोडून वडिलांच्या संशोधनात मदत केली. त्यात विजेवर चालणारं एक वाद्यही होतं. त्यात पैसा नव्हता. १९४८ साली त्या कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत लागल्या आणि भावाच्या घरी राहिल्या.

तिथलं त्यांचं काम माझ्या ओळखीचं आहे: पारेषण वाहिन्यांचे आराखडे, उपकेंद्रांची मांडणी, संरक्षक यंत्रणा. लाइनवर कुठे बिघाड झाला की रिलेला तो कळतो आणि ब्रेकर सेकंदाच्या अंशात उघडतो. आपण म्हणतो, ‘लाइन ट्रिप झाली’. खरी कसोटी अशी की बिघाडाच्या सर्वांत जवळचा ब्रेकरच उघडला पाहिजे. मागचा उघडला तर एका तारेपायी सगळा तालुका अंधारात! कुठला रिले किती करंटला आणि किती वेळाने चालावा, हे सगळं आधी कागदावर बसवावं लागतं, आणि ललिताबाईंच्या काळी त्यासाठी संगणक नव्हता. भाक्रा-नांगल धरणाच्या जनित्रांच्या कामातही त्यांचा वाटा होता.

लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना १९५३ साली सहयोगी आणि १९६६ साली पूर्ण सदस्यत्व दिलं. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला स्त्री अभियंत्या आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. भारतात अशा स्त्रियांची संघटनाच नसल्याने त्या तिथे व्यक्तिशः गेल्या. दुसरी परिषद १९६७ साली केंब्रिजला झाली. वसतिगृहातल्या त्यांच्या सोबतीण थ्रेसिया १९७१ साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या; देशात त्या पदावर बसलेल्या पहिल्या बाई.

ललिताबाईंनी पुन्हा लग्न केलं नाही. १९७७ साली त्या निवृत्त झाल्या. ऑक्टोबर १९७९ मध्ये, साठाव्या वर्षी, त्या गेल्या. विसाव्याची अवघी दोन वर्षं त्यांच्या वाट्याला आली.