बेटावर कसला आलाय बिझनेस?

मुंबईहून क्रीटला, म्हणजे ग्रीसच्या सगळ्यात मोठ्या बेटावर जायचं बिझनेस क्लासचं तिकीट एकदा नेटवर शोधून बघा (नुसतं बघायला पैसे पडत नाहीत!). हेराक्लिऑनपर्यंत वाटेत एक तरी विमान बदलावं लागतं. पहिल्या मोठ्या विमानात बहुतेक वेळा चक्क आडवं होऊन झोपता येतं. दुसरं विमान युरोपातल्या एखाद्या जुन्या कंपनीचं असेल, तर मात्र सीट सहसा इकॉनॉमीचीच. गुडघेही तसेच पुढच्या सीटला टेकणार. फरक एवढाच की तिघांच्या रांगेतली मधली सीट रिकामी आणि पाठीमागे एक पडदा. तिकिटावर मात्र दोन्हीकडे शब्द एकच, बिझनेस.

हा काय प्रकार आहे? उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं. म्हणजे चांगलंच मागे, १९२९ पर्यंत.

त्या वर्षी ३० मार्चला ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेज कंपनीने लंडन ते कराची अशी सेवा सुरू केली. लंडन ते बाझल विमान, तिथून जिनोआपर्यंत रेल्वे, मग पाण्यावर उतरणारं विमान, म्हणजे फ्लाईंग बोट. इटली, ग्रीस, क्रीट असे टप्पे घेत ती अलेक्झांड्रियाला पोचायची, आणि पुढे इजिप्त, इराक, इराणचं आखात करत कराची. एकूण सात दिवस, भाडं १३० पौंड. क्रीट हा थांबा हौसेचा नव्हता. त्या विमानांचा पल्लाच इतका कमी की मध्ये इंधन भरणं भाग होतं. पुढे मिराबेलोच्या उपसागरात कंपनीने 'इम्पीरिया' नावाची एक बोट त्यासाठी नांगरून ठेवली होती. आज त्याच किनाऱ्यावर महागडी रिसॉर्ट्स आहेत!

आपलाही यात धागा आहे बरं का. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, ते याच इम्पीरियलच्या सेवेला जोडून. म्हणजे लंडनहून मुंबईला निघालेलं पत्र क्रीटला थांबून येऊ शकत होतं.

आता मजा बघा. त्या विमानात क्लास नव्हते. गरजच नव्हती, कारण १३० पौंड देऊ शकणारा माणूस आपोआपच वरच्या क्लासचा होता. भाडं हेच कुंपण.

दुसरं बेट कॉर्सिका. १९५० च्या मे महिन्यात व्लादिमिर राईट्झ नावाच्या माणसाने लंडनहून कॉर्सिकातल्या काल्व्ही गावाला चार्टर विमानाने पहिली पॅकेज टूर नेली. विमान, तंबूतला मुक्काम, जेवणखाण, सगळं मिळून साडेबत्तीस पौंड. पण परवानगी देताना सरकारने अट घातली, फक्त विद्यार्थी आणि शिक्षक न्यायचे! का? तर सरकारी विमान कंपनीची नेहमीची गिऱ्हाईकं पळू नयेत म्हणून. इथे कुंपण पैशाचं नाही, नियमाचं आहे. स्वस्त तिकीट विका, पण ज्याला महाग परवडतं त्याला ते मिळता कामा नये. पुढचा सगळा इतिहास याच वाक्याचा विस्तार आहे.

१९५२ मध्ये अटलांटिकवर टुरिस्ट क्लास आला, १९५८ मध्ये इकॉनॉमी. १९७७ मध्ये फ्रेडी लेकरने लंडन-न्यूयॉर्क ५९ पौंडांत विकायला काढलं, आणि मोठ्या कंपन्यांनीही भाडी पाडली. झालं! कंपनीच्या कामासाठी ऐनवेळी पूर्ण भाडं भरणारा माणूस आणि सवलतीत आलेला पर्यटक शेजारी शेजारी बसू लागले. पहिल्याची कुरकुर रास्तच होती. त्याला वेगळं बसवायचं म्हणून १९७८-७९ च्या सुमारास पॅन ॲम, क्वांटास वगैरेंनी मधला एक क्लास काढला. १९८१ मध्ये स्कँडिनेव्हियाच्या 'सास' कंपनीने 'युरोक्लास' आणला, तोही इकॉनॉमीचं पूर्ण भाडं भरणाऱ्यांसाठीच. म्हणजे बिझनेस क्लासची सुरुवात सीटपासून झाली नाही, भाड्याच्या अटींपासून झाली.

या अटी सांभाळायला मग आपली जमात आली. अमेरिकन एअरलाईन्स आणि आयबीएमने मिळून केलेली 'सेबर' ही आरक्षण यंत्रणा १९६० च्या दशकात उभी राहिली. कुठल्या भाड्याला किती सीट सोडायच्या हे पुढे अशा यंत्रणांवरच ठरू लागलं. त्यातली माझी सगळ्यात आवडती अट म्हणजे शनिवारची रात्र. स्वस्त तिकीट हवं, तर शनिवारी तिकडे मुक्काम करायचा. पर्यटक आनंदाने करतो, ऑफिसच्या कामाला गेलेला शुक्रवारीच घरी पळतो. एका 'इफ' कंडिशनमध्ये दोघं वेगळे!

१९९३ पासून युरोपात कंपन्यांना भाडी ठरवायची मोकळीक मिळाली, १९९५ मध्ये ईझीजेट आली, आणि छोट्या अंतरावर रुंद सीटची चैन जुन्या कंपन्यांना परवडेना. पण मधली सीट रिकामी ठेवून पडदा लावला, की एकच विमान सोमवारी ऑफिसवाल्यांना आणि शनिवारी बेटावर जाणाऱ्यांना चालतं. बिझनेसची तिकिटं जास्त गेली की पडदा चार रांगा मागे, कमी गेली की पुढे. सीट एकसारख्या असल्यामुळेच हे जमतं.

असो. तर आईवडिलांना घेऊन किंवा लग्नानंतर अशा एखाद्या बेटावर जायचा बेत असेल, तर तिकिटावरचा एक शब्द बघून लाखभर रुपये जास्त मोजू नका. प्रत्येक टप्प्याचं विमान कुठलं, ते वेगळं बघा. सीट मॅपवर तीन-तीनच्या रांगा दिसल्या तर समजा, पडदेवालं आहे. तिथे तुम्ही लाउंज, जास्तीचं सामान, जेवण याचे पैसे देताय. तारीख फुकट बदलता येईल का, हेही नियमात वाचा, कारण हल्ली स्वस्तातल्या बिझनेस तिकिटांवर तीही सोय नसते. रात्रीचा लांबचा टप्पा बिझनेसने आणि पुढचे दोन-तीन तास इकॉनॉमीने, असंही करता येतं. फक्त दोन्ही टप्पे एकाच बुकिंगवर ठेवा, म्हणजे पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची राहते.

कुंपण त्यांनी घातलंय. दार कुठे आहे, ते आपण शोधायचं.