नव्या यंत्राच्या तोंडीं जुनी भाषा

मोबाईल फोन खिशांत तसाच असतां शेजारच्या संगणकास त्याच्या द्वारें इंटरनेटशीं जोडावयाचें, मध्यें तार म्हणून नाहीं, केवळ ब्लूटूथच्या रेडिओलहरी! या सोयीच्या इतिहासांत नव्या शोधाइतकाच जुन्या परंपरेचाही वांटा आहे, असें आम्हांस वाटतें.

ब्लूटूथचें काम स्वीडनमधील लुंड येथें एरिक्सन कंपनींत १९९४ सालीं सुरू झालें. याप हार्टसन व स्वेन मॅटिसन हे त्याचे प्रमुख अभियंते. १९९८ सालीं एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल व तोशिबा या पांच कंपन्यांनीं मिळून त्यासाठीं एक मंडळ स्थापिलें. दहाव्या शतकांतील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याचें नांव इंटेलच्या जिम कार्डाक यांनीं सुचविलें होतें. त्या राजानें डेनिश लोकांस एका छत्राखालीं आणलें. तशींच फोन व संगणक हीं दोन कुळें एकत्र यावीं, हा हेतु.

परंतु एकत्र येण्यास समान भाषा लागते. दूरध्वनीच्या तारेवरून बोलण्याची एक भाषा संगणकास पूर्वींच अवगत होती. १९८१ सालच्या हेज स्मार्टमोडेमनें ती रूढ केली. तिच्या बहुतेक आज्ञा 'एटी' या दोन अक्षरांनीं सुरू होतात. नव्या फोननें तीच उचलली. १९९९ सालच्या ब्लूटूथ-नियमावलींत यासाठीं स्वतंत्र प्रकरणच होतें: फोननें मोडेमचें सोंग घ्यावें व संगणकानें त्यास क्रमांक फिरविण्याची आज्ञा द्यावी. वास्तविक ब्लूटूथची गति सेकंदास सुमारें ७ लक्ष बिटें, तर जुन्या जीएसएम फोनवरील संदेशवहनाची अवघी ९,६००. तरीही नमतें घेतलें तें बलवानानेंच. पुढें जीपीआरएस आलें, तेव्हां फिरविण्याजोगा खरा क्रमांकही उरला नाहीं. तरी संगणक *९९# हा नांवापुरता क्रमांक फिरवीतच राहिला.

या सोंगास कोणी हंसेल. परंतु त्यामुळेंच संगणकास नवी विद्या शिकावी लागली नाहीं, आणि लोकांचीं जुनीं साधनें अडगळींत गेलीं नाहींत. यथाकाल वाय-फायचा हॉटस्पॉट आला, ब्लूटूथनेंही थेट जाळें जोडण्याची रीति स्वीकारली, व क्रमांक फिरविण्याचा विधि मागें पडला. सोंगाची गरज संपली, तेव्हां तें उतरलें.

यंत्रांचे इतिहासकार नव्या शोधानें काय मोडलें याचीच मोजदाद करितात. त्यानें काय सांभाळून नेलें, हेंही त्यांनीं मोजावें. एरव्हीं शोध लागतो कसा हें कळेल, पण लोकांत रुजतो कसा हें कळणार नाहीं.