महाभियोग, अमेरिकेतील संघीय न्यायाधीशांवरील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील संघीय न्यायाधीशाला गंभीर गैरवर्तनाबद्दल पदावरून दूर करण्याची सांविधानिक प्रक्रिया. तीत काँग्रेसचे (विधिमंडळाचे) प्रतिनिधिगृह दोषारोप ठेवते आणि सिनेट त्यांची सुनावणी करून निवाडा देते. केवळ दोषारोप ठेवल्याने न्यायाधीशाचे पद जात नाही; सिनेटने दोषी ठरविल्यावरच ते जाते. १८०३ ते २०१० या काळात १५ संघीय न्यायाधीशांवर महाभियोग चालविण्यात आला. त्यांपैकी आठ बडतर्फ झाले, चार निर्दोष सुटले आणि तिघांनी निवाड्यापूर्वीच राजीनामा दिला.

सांविधानिक तरतूद : संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार संघीय न्यायाधीश सद्वर्तन असेपर्यंत पदावर राहतात. त्यांना निवृत्तीचे वय नाही आणि पदावर असताना त्यांचे वेतन कमी करता येत नाही. सत्ताधाऱ्यांना न रुचणारा निकालही निर्भयपणे देता यावा, हा या संरक्षणाचा हेतू. त्याचा गैरफायदा घेणाऱ्यावर उपाय म्हणून महाभियोगाची तरतूद आहे. देशद्रोह, लाचखोरी आणि ‘इतर गंभीर अपराध व गैरकृत्ये’ ही त्याची कारणे दुसऱ्या अनुच्छेदात दिली आहेत.

१७८७ च्या फिलाडेल्फिया येथील संविधान परिषदेत या कारणांवर चर्चा झाली. त्या सुमारास इंग्लंडमध्ये बंगालचे माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर महाभियोगाची कारवाई सुरू होती. तिचा दाखला देऊन जॉर्ज मेसन यांनी केवळ देशद्रोह व लाचखोरी ही कारणे अपुरी असल्याचे सांगितले आणि ‘गैरकारभार’ हे कारण सुचविले. इतक्या सैल शब्दामुळे पदाधिकारी सिनेटच्या मर्जीवर राहील, असा आक्षेप जेम्स मॅडिसन यांनी घेतला. त्यानंतर मेसन यांनी आजची शब्दरचना मांडली व ती स्वीकारली गेली.

कार्यपद्धती : प्रतिनिधिगृहाची न्यायविषयक समिती सामान्यतः प्राथमिक चौकशी करते. सभागृहाने साध्या बहुमताने दोषारोप संमत केले, की त्याचे निवडक सदस्य सिनेटपुढे अभियोक्ता म्हणून उभे राहतात. दोषसिद्धीसाठी उपस्थित सिनेटरांपैकी दोनतृतीयांशांचा पाठिंबा लागतो. शिक्षा बडतर्फीपुरती असते. भावी पदांसाठी अपात्र ठरवायचे असल्यास वेगळे मतदान होते. फौजदारी खटल्याचा मार्ग स्वतंत्रपणे खुला राहतो. १९८६ पासून पुरावे नोंदविण्याचे काम सिनेटरांच्या १२ सदस्यीय समितीकडे सोपविण्याची पद्धत रूढ झाली.

चेस खटला : पदच्युत झालेले पहिले न्यायाधीश न्यू हॅम्पशरचे जॉन पिकरिंग (१८०४). त्यांच्यावर मद्यपानाचा आरोप होता आणि त्यांची मानसिक स्थितीही ढासळलेली होती. खरी कसोटी लागली ती सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सॅम्युएल चेस यांच्या खटल्यात. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे चेस फेडरॅलिस्ट पक्षाचे कडवे समर्थक होते. खटले चालविताना केलेला पक्षपात आणि राजकीय भाषणबाजी यांबद्दल तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्या पक्षाने त्यांच्यावर आठ दोषारोप ठेवले. सिनेटमधील ३४ पैकी २५ सदस्य याच पक्षाचे होते आणि दोषसिद्धीला २३ मते पुरेशी होती. तरीही कोणत्याही आरोपावर १९ हून अधिक मते पडली नाहीत. पक्षाच्या सहा सिनेटरांनी चेस यांना प्रत्येक आरोपातून मुक्त केले. निकाल पटला नाही म्हणून न्यायाधीशाला घालवायचे नाही, हा संकेत १ मार्च १८०५ च्या या मतदानातून रुजला. स्वपक्षाविरुद्ध मत देणाऱ्या त्या सहा जणांचे ऋण अमेरिकी न्यायसंस्थेवर कायमचे आहे. चेस हे महाभियोगाला सामोरे गेलेले सर्वोच्च न्यायालयाचे आजवरचे एकमेव न्यायाधीश होत.

नंतरची प्रकरणे : टेनेसीचे वेस्ट हम्फ्रीज यादवी युद्धात बंडखोर राज्यांना मिळाल्याने १८६२ मध्ये बडतर्फ झाले. आपल्यासमोर येऊ शकणाऱ्या पक्षकारांशी आर्थिक व्यवहार केल्याबद्दल रॉबर्ट आर्चबाल्ड १९१३ मध्ये पदच्युत झाले. हॉल्स्टेड रिटर (१९३६) सहा आरोपांतून सुटले, पण न्यायालयाची अप्रतिष्ठा केल्याच्या सातव्या आरोपावर ५६ विरुद्ध २८, म्हणजे नेमक्या दोनतृतीयांश मतांनी दोषी ठरले. करचुकवेगिरीबद्दल तुरुंगात असलेले हॅरी क्लेबोर्न तेथूनही न्यायाधीशाचे वेतन घेत होते. १९८६ मध्ये सिनेटने त्यांना दूर केले. लाचखोरीच्या फौजदारी खटल्यात सुटलेले ॲल्सी हेस्टिंग्ज १९८९ मध्ये बडतर्फ झाले. पण अपात्र न ठरविल्यामुळे पुढे ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले. भ्रष्टाचाराबद्दल पदच्युत झालेले टॉमस पोर्टियस (२०१०) हे या मालिकेतील आठवे.

भारताशी तुलना : भारतात सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांना हटविण्यासाठी संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित व मतदान करणाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत लागते. शिवाय १९६८ च्या कायद्याने न्यायाधीशांचा समावेश असलेल्या समितीची चौकशी त्याआधी सक्तीची केली आहे. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धच्या अशा समितीचे अध्यक्ष न्या. पी. बी. सावंत होते. समितीने ठपका ठेवूनही काँग्रेस पक्षाचे सदस्य मतदानापासून दूर राहिल्याने १९९३ मध्ये लोकसभेत त्यांना हटविण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला.

मूल्यमापन : अमेरिकेत बडतर्फीची बहुतेक कारणे लाच, खोटी साक्ष, करचुकवेगिरी अशा वैयक्तिक आचरणाची आहेत; चुकीच्या निकालावर अपील हाच उपाय मानला जातो. तरीही संकेत मोडू पाहणारे प्रयत्न होत राहिले. १९७० मध्ये प्रतिनिधिगृहाचे सदस्य जेरल्ड फोर्ड यांनी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. विल्यम डग्लस यांच्याविरुद्ध मोहीम चालविली, ती निष्फळ ठरली. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांनी न्या. जेम्स बोसबर्ग यांच्यावर महाभियोगाची मागणी करताच, निकालाशी असलेल्या मतभेदावर महाभियोग हे योग्य उत्तर नव्हे, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी जाहीर निवेदनाद्वारे बजावले. वॉल्टर निक्सन या बडतर्फ न्यायाधीशाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार सिनेटच्या सुनावणीची पद्धत न्यायालयात तपासता येत नाही. त्यामुळे न्यायाधीशांचे स्वातंत्र्य शेवटी दोनतृतीयांश मतांच्या अटीवर आणि लोकप्रतिनिधींच्या संयमावर टिकून आहे. यांपैकी संयम कोणत्याही कलमात लिहिलेला नाही. तो प्रत्येक पिढीतील सदस्यांना स्वतःच पाळावा लागतो.