वादळानंतरच्या दिवसाची तालीम

एकत्र काम करणे मालवणच्या किनाऱ्याला कोणत्या सरकारी प्रशिक्षणाने शिकवलेले नाही. रापणीची होडी जाळे सोडत समुद्रात अर्धवर्तुळ काढते, मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसे एका लयीत ओढतात आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात. दोराला कोणी कुठे लागायचे आणि हुकूम कोणाचा मानायचा, हे ज्याला त्याला ठाऊक असते. सरकारी खात्यांना हे वळण संकटांनी लावले. आणि माझे म्हणणे असे की, ज्या संकटाने जेवढे शिकवले तेवढेच ती शिकली.

1993 हे वर्ष पाहा. मार्चमधल्या मुंबईच्या बॉम्बस्फोटांची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरली होती. त्यातून गावोगावची सागर रक्षक दले आली. 30 सप्टेंबरच्या किल्लारी भूकंपानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे गंभीरपणे हाती घेतले. 2008च्या मुंबई हल्ल्यानंतर ‘सागर कवच’ सराव सुरू झाले, त्यांत पोलीस, तटरक्षक दल आणि मच्छीमार एकत्र येतात. 11 नोव्हेंबर 2009च्या फयान वादळाने कोकणातल्या होड्यांना भर समुद्रात गाठले, तेव्हा वेळेवर इशारा पोचवण्याचे मोल कळले. पाळत, इशारा, बचाव एवढ्याची तालीम झाली. वादळानंतरचा दिवस राहिला तो राहिलाच.

मे 2021मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा ही उणीव उघडी पडली. इशारा आधी मिळाला होता. पण 16 मेनंतर मालवण तालुक्यात विजेचे खांब आडवे झाले होते आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. वीज नाही म्हणजे नळयोजनेचा पंप बंद, मोबाईल मुका. त्यात कोरोनाची दुसरी लाट. एकच पडलेला माड घ्या. तो घरावरही आहे आणि तारेवरही. तो हटल्याशिवाय वायरमनला तार जोडता येत नाही. घरमालकाला मात्र पंचनाम्याआधी तो कापला तर भरपाई बुडेल ही धास्ती. तलाठी, ग्रामसेवक आणि वायरमन, तिघेही आपापल्या जागी बरोबर, आणि माड तिथेच. म्हणून वादळानंतरच्या दिवसाचीही या सर्वांनी एकत्र तालीम करायला हवी.

यावर कोणी म्हणेल, कायदा आहेच. आहे खरा: 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम 41 स्थानिक संस्थांवर कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि पुनर्वसन ही दोन्ही कामे टाकते. पण कामे वाटून दिली म्हणजे ती जुळतात असे नव्हे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: अधिकारी बदलून जातात, शिकवलेले त्यांच्याबरोबर जाते. म्हणूनच तालमीचा कणा न बदलणाऱ्यांचा हवा: मच्छीमार सोसायटी, रापण संघ, ग्रामपंचायतीचे कर्मचारी. रापणीचे मी उगाच गोडवे गातो आहे, असेही वाटेल. पर्ससीन आणि यांत्रिक मासेमारीपुढे ती आक्रसली आहे, आणि मासळी विकणाऱ्या बाईचे नुकसान होडीच्या कागदांत कुठेच नसते. तिलाही त्या तालमीत बसवावे लागेल, नाहीतर भरपाईच्या यादीत ती पुन्हा सापडणार नाही.

तेव्हा जिल्हा प्रशासनाला एकच सांगणे: पुढचे मॉक ड्रिल माणसे निवाऱ्यात पोचवून संपवू नका. दुसऱ्या दिवशी त्याच सर्वांना परत बोलवा, आणि पंचनामा होऊन तार जुळेपर्यंत, नळाला पाणी येईपर्यंत ते चालवा.