जतुका व अलर्कविष

मालवण किनाऱ्यावरील कौलारू घरांच्या माळ्यावर वाघळें राहतात. त्यांच्या दंशानें अलर्कविष बाधतें काय, याचा विचार येथें करूं.

अमरकोशांत वाघळास जतुका व अजिनपत्रा, म्हणजे चामड्याच्या पंखांची, अशीं नांवें आहेत. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत पिसाळणाऱ्या प्राण्यांत कुत्रा, कोल्हा, तरस, अस्वल व वाघ हे नांवानिशीं येतात; जतुका येत नाहीं. परंतु एवढ्यावरून वाघूळ निर्दोष ठरत नाहीं. अमेरिकेंत वाघळापासून माणसांस हा रोग झाल्याचे दाखले आहेत. भारतांत मात्र बहुतेक रोगी कुत्र्याच्या चाव्याचे असतात.

जलत्रास हें मरणचिन्ह होय, असें सुश्रुत सांगतो, व तें आजही बहुतांशीं खरें आहे. तो दंश तापल्या तुपानें डागावयास सांगतो. पाश्चरनें १८८५ सालीं माणसास लस टोंचली. वाघळाचा दांत बारीक, जखम दिसेलच असें नाहीं. म्हणून दंशाची वा ओरखड्याची शंका येतांच ती जागा पंधरा मिनिटें साबणपाण्यानें धुवून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

वाघळें मारूं नयेत, उघड्या हातीं धरूं नयेत. पिलें उडूं लागल्यावर, तिन्हीसांजेस सर्व बाहेर पडलीं म्हणजे कौलांखालील फटी बुजवाव्या, हेंच आम्हांस युक्त वाटतें.