पहिल्या धारेची

'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग आपल्या घरांत दारूचे नावही न घेणारी मंडळी सर्रास करतात. भट्टीच्या नळीतून प्रथम गळते ती दारू सर्वांत कडक. त्यावरून हा शब्द आला. स्कॉटलंडात 'कास्क स्ट्रेंग्थ' म्हणतात तीही जवळजवळ हीच कल्पना: पिंपातून काढली तशी, पाणी न घालता बाटलीत भरलेली व्हिस्की. मद्यार्क बहुधा 55 ते 60 टक्के.

पीटच्या धुरात वाळवलेल्या जवाची, शेरीच्या पिंपाचा संस्कार झालेली अशी एक व्हिस्की आम्ही चाखून पाहिली. प्रथम धूर, भिजलेल्या राखेसारखा; मग जिभेला चटका. दोन थेंब पाणी घालताच चटका ओसरला आणि मनुका, सुके अंजीर वर आले. त्यामागून आलेला वास मात्र आमच्या ओळखीचा होता: चैत्रात अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेला वनस्पतींचा थर. लाकूड दुर्मीळ, म्हणून तो कापून, वाळवून जाळीत. शेरी स्पेनहून पिंपांत भरून येई. रिकामी पिंपे फेकायची कशाला, म्हणून त्यांत व्हिस्की. काटकसरीतून उपजलेल्या चवीला पुढे प्रतिष्ठा आली, ती कायद्यामुळे. डोंगरांत चोरून भट्ट्या लावणाऱ्यांना 1823 च्या अबकारी कायद्याने कर उतरवून परवान्याची वाट मोकळी केली. ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने 1824 साली परवाना घेतला.

आपल्याकडे उलटे घडले. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला, आणि 1892 च्या मोहफुलांच्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात फुले बाळगण्यावरही निर्बंध घातले. दारू राहो, फूलच संशयित! निजामाच्या राज्यात अबकारीचा गुत्ता चाले. आज मराठीत गुत्ता म्हणजे दारूचे दुकान. मूळ अर्थ मक्ता. 'गुत्तेदार' आपण अजून त्याच अर्थाने म्हणतो. ज्या गोंडांच्या देवपूजेत मोहाची धार सोडल्यावाचून भागत नाही, त्यांच्या भट्टीवर सरकार आणि मक्तेदार ह्या दोघांची नजर. 1940 साली जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले, तो लढा मुख्यतः जमीन आणि जंगलाचा होता. पण मोहाचे झाड त्याच जंगलात उभे होते. 1956 साली किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आदिलाबाद इकडे राहिले. एकाच मोहाखालची फुले दोन राज्यांच्या कायद्यांत वाटली गेली.

दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्हीही पाहिली आहेत. 1992 साली नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंट्याच्या स्त्रियांनी अरकाविरुद्ध उभारलेला लढा आम्हाला न्याय्यच वाटतो. प्रश्न निराळा आहे. पिंपात दहा वर्षे मद्य मुरवायचे तर भांडवल हवे, आणि उद्या जप्ती येणार नाही हा भरवसा हवा. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनच्या गोदामांत उष्म्याने वर्षाला सुमारे 8 टक्के मद्य उडून जाते, स्कॉटलंडात सुमारे 2. तरी मालक थांबू शकतो. गोंडाला हा भरवसा कधी मिळालाच नाही. त्याची मोहाची दारू सणापुरती गाळायची आणि सणातच संपवायची. ती मुरली असती तर कशी लागली असती, हे कोणी चाखलेलेच नाही.

महाराष्ट्राने 2021 साली मोहफुलांच्या संकलनावरील आणि वाहतुकीवरील निर्बंध उठवले. आपल्या उटनूरला आदिवासी स्त्रिया त्याच फुलांचे लाडू वळतात. लाडवाला परवाना लागत नाही.